जालना रोडवरचं पैसे बदलायचं दुकान: पाचपैकी चार

आधी तक्रार, मग कौतुक. दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसानं वर जायचं म्हणजे मधल्या वळणावर एकदा टेकावंच लागतं. काचेवर लाल अक्षरात ‘कमिशन शून्य’ लिहिलंय. ते खोटं नाही, पण खरंही नाही. त्या दोन शब्दांसाठी मी एक तारा कापलाय. बाकीचे चार का दिले, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

मी लातूरच्या मार्केट यार्डात अडत्या. चौतीस वर्षं सोयाबीन आणि तुरीचे सौदे बघतोय. मुलगा वाळूजच्या एका कंपनीत होता, तिथून त्याला दोन वर्षांसाठी जपानला नागोयाला पाठवलं. ‘नोव्हेंबरात या, इथली झाडं लाल होतात,’ असा त्याचा धोशा. झाडं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, हे मला कळत नव्हतं, पण हिनं पासपोर्ट काढायला टाकला आणि विषय संपला.

जुलै २०२४ मध्ये पोराचा फोन आला. ‘बाबा, येन लई पडलाय, आत्ताच घेऊन ठेवा.’ त्या वेळी डॉलरला १६१ येन मोजावे लागत होते. १९८६ नंतर येन एवढा स्वस्त झाला नव्हता म्हणे. आपल्या हिशेबात शंभर येन ५२ रुपयांच्या आत. मी काय केलं? जे शेतकऱ्यानं केलं की मी त्याला रागवतो, तेच केलं. ‘अजून पडंल, थांबू.’ घरात पोती ठेवून भावाची वाट बघणाऱ्याला मी दरवर्षी शहाणपण शिकवतो आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा स्वतःच अडून बसलो.

सप्टेंबरच्या मध्याला शंभर येन साठ रुपयांना टेकले. झालं काय होतं, ते पोरानं समजावलं आणि मला एका वाक्यात कळलं, कारण आमच्या यार्डात तेच चालतं. जिथं व्याज कमी तिथून उचल घ्यायची, जिथं जास्त तिथं लावायची. जपानात व्याज जवळजवळ शून्य, अमेरिकेत सव्वापाच ते साडेपाच टक्के. जगभरचे लोक येनमध्ये उचल घेऊन ते येन विकत आणि डॉलर घेऊन तिकडं ठेवत. रोज विकणारे जास्त, म्हणून येन पडत गेला. मग ३१ जुलैला जपानच्या मध्यवर्ती बँकेनं व्याज पाव टक्क्यावर नेलं. पाव टक्का! आपल्याकडं सावकार ऐकून हसेल. पण उचल घेतलेल्यांची धांदल उडाली. उचल फेडायची तर येनच लागणार, सगळे एकदम येन घ्यायला धावले. ५ ऑगस्टला तिथल्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक एका दिवसात १२.४ टक्के आपटला. त्यात १८ सप्टेंबरला अमेरिकेनं आपलं व्याज अर्ध्या टक्क्यानं उतरवलं. दोन्हीकडच्या व्याजातलं अंतर कमी झालं की येन चढणारच.

पुढं ऑक्टोबरात वारं फिरलं. अमेरिकेतलं व्याज वाटलं होतं तेवढ्या भराभर उतरणार नाही असं लोकांना वाटायला लागलं, आणि ट्रम्प निवडून आल्यावर डॉलर आणखी तेजीत आला. येन परत ५५ रुपयांच्या आसपास. या वेळी मात्र मी थांबलो नाही.

लातुरात बँकेत विचारलं तर येनच्या नोटा मागवाव्या लागतील, आठवडा तरी लागेल, असं उत्तर. लेक छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याला राहते, तिनं तिथलंच हे दुकान शोधलं. आधी फोन केला. फोनवरच्या मुलीनं पहिल्याच मिनिटाला जे सांगितलं त्यासाठी पहिला तारा. ‘काका, पन्नास हजारांच्या आतच रोख चालते. त्याच्यावर चेक नाहीतर खात्यातून. आणि आचारसंहिता लागलीय, पिशवीत रोकड घेऊन निघू नका, वाटेत पथक थांबवतं.’ मी खरंच पिशवी भरायला काढली होती. यार्डाची सवय. २० नोव्हेंबरचं मतदान तोंडावर होतं, अंबाजोगाई ते गेवराई दोनदा गाडी तपासली. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू निघाले, तपासणाऱ्या पोरालाही एक दिला.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, साडेअकराला वर चढलो. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन सगळ्याची झेरॉक्स लागते. ए-टू नावाचा फॉर्म भरायचा. परदेशात पैसे कशासाठी नेताय ते त्यात लिहायचं. एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत नेता येतात, त्यातले नोटांच्या रूपात एका खेपेला तीन हजार डॉलरच्या किमतीएवढे, बाकी आधी पैसे भरून घ्यायच्या कार्डावर. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांना नोटांची ही मर्यादा नसते. माझ्यापुढं पैठण गेटचं एक कुटुंब रियाल घ्यायला बसलं होतं. म्हातारीनं नोटा तीनदा मोजल्या. योग्यच आहे.

आता मुद्द्याचं. भिंतीवर पाटी आहे आणि तिच्यावर प्रत्येक चलनापुढं दोन रकाने: ‘आम्ही घेतो’ आणि ‘आम्ही देतो’. येनपुढं लिहिलं होतं घेतो ५३.७०, देतो ५६.१०. मी विचारलं, खरा भाव कोणता? दुसऱ्या एखाद्या दुकानात ‘हाच खरा’ असं उत्तर आलं असतं. या मुलीनं पाटीकडं बघितलंही नाही. कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला आणि म्हणाली, ‘काका, येनचा आणि रुपयाचा थेट सौदा फारसा होतच नाही. दोन्हीचा भाव डॉलरमधून काढायचा. आत्ता डॉलरला साधारण ८४.४० रुपये आणि डॉलरलाच १५३.८० येन. भागा.’ भागलं. शंभर येनला ५४.८८.

हे ऐकून मला बरं वाटलं, कारण हे आमच्याच धंद्यासारखं आहे. तूर देऊन सोयाबीन कुणी घेत नाही. दोन्ही आधी रुपयात मोडतात, मग फिरतात. जगाच्या यार्डात रुपयाच्या जागी डॉलर बसलाय. चलनाच्या बाजारात २०२२ च्या मोजणीनुसार दिवसाला साडेसात लाख कोटी डॉलरची उलाढाल होत होती आणि शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी सौद्यांत एका बाजूला डॉलर. म्हणजे ‘येन महागला’ असं नुसतं म्हणण्याला अर्थ नाही. कशाच्या मानानं, ते सांगावं लागतं. येन डॉलरपुढं जागेवर राहिला आणि आपला रुपया डॉलरपुढं घसरला, तरी माझं जपान महाग होणारच. जुलैपासून माझ्या रकमेत जो फरक पडला त्यात मोठा वाटा येनचा, पण रुपयाही ८३.५० वरून ८४.४० वर सरकला होता. तो खड्डा लहान, पण माझ्याच खिशातला.

डॉलरचा रुपयातला भाव कोण ठरवतं, हेही मी विचारलं. बँका सकाळी नऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत आपसात सौदे करतात. साडेअकरा ते साडेबाराच्या मधल्या काही सौद्यांवरून संदर्भ-दर काढतात आणि दीडच्या सुमारास जाहीर करतात. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक करायची, जुलै २०१८ पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया नावाची संस्था करते. आमच्या पोटलीच्या सौद्यासारखंच की. ठरावीक वेळेत जे भाव निघाले त्यावर दिवस चालतो. फरक एवढाच की इथं शेतकरी खाली उकिडवा बसलेला नसतो.

आणि आमच्याकडं भाव पडला की हमीभावानं माल घ्यायला जसं नाफेड, तशी तिथं रिझर्व्ह बँक. रुपया फार घसरायला लागला की ती आपल्याकडचे डॉलर बाजारात सोडते, फार चढला की डॉलर गोळा करते. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी तिच्याकडची गंगाजळी ७०४ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. अमुक एक भाव धरून ठेवायचा नाही, नुसते हिसके कमी करायचे, असं ती म्हणते. नाफेडपेक्षा बरी म्हणायची. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि यार्डात सव्वाचार हजाराला कुणी विचारत नव्हतं. ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून खरेदी केंद्रावरून ट्रॅक्टर परत. असो. तो राग इथं काढून उपयोग नाही.

चलनालाही पूर्वी हमीभाव होता. १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला देशांच्या बैठकीत ठरलं की पस्तीस डॉलरला एक औंस सोनं, आणि बाकीच्यांचे भाव डॉलरला बांधलेले. अमेरिकेनं १५ ऑगस्ट १९७१ ला सोनं देणं बंद केलं आणि दोन वर्षांत मोठ्या देशांची दावी सुटली. त्याआधी येनही डॉलरला ३६० वर खुंट्याला बांधलेला होता. आपल्या रुपयालाही ६ जून १९६६ ला सरकारनं एका फटक्यात ४.७६ वरून साडेसातवर नेलं होतं. आता फटका नसतो, रोज थोडं थोडं.

हे सगळं मला नवीन वाटायला नको होतं. आमच्या आजोबांच्या काळी लातूर निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या. १९११ ला बार्शीची छोटी रेल्वे लातूरपर्यंत आली आणि माल तिकडं जायला लागला. बार्शीत माल विकला की हातात कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, यायचा आणि लातुरात व्यवहार हालीत, म्हणजे निजामाच्या रुपयात. सात हालीला सहा कलदार. शंभर कलदार आणले तर इकडं एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हा हिशेब आजोबा वयाच्या ऐंशीव्या वर्षीही झोपेतून उठवलं तर सांगायचे. पण सराफ तो पुरता कधी द्यायचा नाही. काही आणे बट्टा कापायचाच. आजोबांचं वाक्य होतं, ‘भाव इचारू नको, बट्टा इचार.’ हैदराबादचा रुपया १९५९ पर्यंत भारतीय रुपयाच्या जोडीनं होता. पुढं हाली गेली, कलदार गेला, पण बट्टा काही जात नाही.

तोच बट्टा मी काउंटरवर विचारला. मुलीनं मागच्या खोलीतून मालकांना बोलावलं. साठीचे गृहस्थ, गळ्यात तुळशीची माळ, दुसऱ्या दिवशीच्या उपासाची चर्चा चाललेली. त्यांनी न कुरकुरता कागदावर लिहून दिलं. दीड लाख येनचे ५६.१० नं ८४,१५० रुपये. मधल्या, म्हणजे मघाच्या ५४.८८ च्या भावानं झाले असते ८२,३२०. फरक १,८३० रुपये, साधारण सव्वादोन टक्के. त्यातच त्यांचं भाडं, मुलीचा पगार, नोटा मुंबईहून आणायचा खर्च, नफा. वर जीएसटी. तो पूर्ण रकमेवर लागत नाही. लाखापर्यंतच्या रकमेच्या एक टक्का ही सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर अठरा टक्के. मला १५१ रुपये ४७ पैसे आला.

म्हणजे कमिशन शून्य, पण १,८३० रुपये त्यांचे. आम्ही अडते बदनाम, पण आमच्या हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई, अडत सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं. शेतकरी बोट ठेवून भांडू शकतो. पैसे बदलणाऱ्याची अडत भावाच्या पोटात असते, ती दिसतच नाही. मी मालकांना म्हणालो, काचेवरचं ते पुसा आणि हा कागदच लावा. ते हसले. ‘काका, शेजारचे पण तेच लिहितात. मी पुसलं तर गिऱ्हाईक म्हणतं इथं कमिशन लागतं.’ पटलं, तरी तारा कापलाच.

सव्वादोन टक्के जास्त की कमी? पुढं एका विमानतळावरच्या काउंटरवर मी मुद्दाम विचारलं. शंभर येनला ६१ च्या वर. तिथं माझे दीड लाख येन मधल्या भावापेक्षा नऊ हजारांहून जास्त महाग पडले असते, आणि तिथंही पाटीवर कमिशन शून्यच. कार्डाचा भाव याच दुकानात ५५.५० होता. लाखभर येन त्यावर घेतले, त्याची पट्टी वेगळी. कार्ड स्वस्त पडतं, कारण त्यांना नोटा वाहाव्या, सांभाळाव्या लागत नाहीत. पण नागोयात गल्लीतल्या नूडल्सच्या दुकानांत रोखच मागतात, तेव्हा सगळं कार्डावर घेऊ नका.

नोटा चांगल्या मिळाल्या. अर्ध्या जुन्या, अर्ध्या जुलैत निघालेल्या नव्या. नव्या दहा हजारीवर शिबुसावा एइइची नावाचे गृहस्थ आहेत, जपानातली पहिली आधुनिक बँक काढणारे. नोट तिरकी केली की त्यांचं तोंड वळतं. नातीनं तेवढ्यासाठी अर्धा तास नोट सोडली नाही. दोन्ही चालतात, पण तिकडच्या काही जुन्या यंत्रांना नवी नोट गिळता येत नाही. मागाल तशा मिसळून देतात, हे या दुकानाचं चांगलं.

जावयानं घरी एक प्रश्न काढला. एक येन म्हणजे पंचावन्न पैसे, मग जपानचा पैसा आपल्यापेक्षा हलका का? तसं नसतं. पायलीनं मोजा की किलोनं, ज्वारी तेवढीच. एककाच्या आकड्यावरून ताकद कळत नाही, त्यात काय येतं ते बघायचं. नागोयात तेव्हा नूडल्सचा एक वाडगा हजार येन, म्हणजे साडेपाचशे रुपये. यंत्रातली चहाची बाटली १६० येन, जवळजवळ नव्वद रुपये, आणि चहा थंड, बिनसाखरेचा. लातुरात दहा रुपयात उकळता मिळतो. विनिमयाच्या भावानं माझी मिळकत तिथं लहान होते, पण इथल्या चहाच्या भावानं तेवढी लहान नाही. पोराचे तिथले मित्र उलट रडत होते. येन स्वस्त झाल्यापासून बाहेरून येणारं तेल, गहू सगळं त्यांना महाग. त्यांच्या गाड्या मात्र परदेशात जोरात खपतात. इथं सप्टेंबरात खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं तेव्हा आमच्या यार्डात जे झालं तसंच, कुणाच्या तोंडात साखर, कुणाच्या तोंडात माती.

जिन्यात शेजारच्या कुठल्याशा ऑफिसची पत्रकं पडलेली असतात: ‘घरबसल्या फॉरेक्स ट्रेडिंग, दिवसाला दोन टक्के’. त्याचा या दुकानाशी संबंध नाही, मालकांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या पुतण्यानं अशाच एका अ‍ॅपवर साठ हजार घातले. पडद्यावर दीड लाख दिसत होते, काढायला गेला तर ‘आधी कर भरा’. असल्या बिनपरवाना मंचांची यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून जाहीर करते, एकदा बघून घ्या. आपल्याकडं कायदेशीर सौदे मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर होतात, तिथं २००८ पासून डॉलर-रुपयाचा हजार डॉलरचा लॉट आहे. मे २०२४ पासून रुपयाच्या त्या सौद्यांना तुमचा खरोखरचा परकीय चलनाचा व्यवहार पाठीशी असावा लागतो. ‘दिवसाला दोन टक्के’ त्यात बसत नाही.

परत आल्यावर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जिना चढलो. वीस हजार येन उरले होते. उरलेलं चलन १८० दिवसांत परत करायचं असतं. दोन हजार डॉलरच्या किमतीपर्यंत जवळ ठेवता येतं, पण मला कशाला. मी खुशीत होतो, कारण मधल्या काळात येन वर गेला होता, मधला भाव ५६ च्या आसपास. म्हटलं, चला, शेवटी यार्डातला माणूस. पाटीवर ‘आम्ही घेतो’ ५४.८०. मिळाले १०,९६०, त्यातून जीएसटीचे ४५ गेले. हेच येन मी ११,२२० ला घेतले होते. माल शंभरामागं रुपयाहून जास्त महागला आणि मी तीनशे रुपयांनी तोट्यात. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. आजोबा आठवले. चहा मात्र त्यांनी स्वतःहून मागवला, चांगला होता.

दुकान नाणी घेत नाही, हे आधी सांगत नाहीत, सांगायला हवं. पाचशे येनची चार नाणी कपाटात पडून आहेत. पाच येनच्या नाण्याला मधे भोक असतं, आपल्या जुन्या भोकाच्या पैशासारखं. तसलं एक हिनं नातीच्या करदोट्यात ओवलंय.